खडकाळ किनारा संगणकावर शिकवताना: भरतीच्या आकड्यांपासून बार्नेकलच्या पट्ट्यापर्यंत

हरिहरेश्वर, मालवण, रत्नागिरीचा मिऱ्या, मुंबईतलं वांद्र्याचं बँडस्टँड. अशा कुठल्याही खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला गेलात, तर कातळावर आडवे पट्टे दिसतात. सगळ्यात वर, जिथे पाणी क्वचितच पोचतं, तिथे खडकाच्या चिरांत बारीक गोगलगायी दडलेल्या असतात. त्याखाली पायाला ओरखडे काढणारे पांढुरके, टोकदार बार्नेकल. हा प्राणी खेकडा-कोळंबीच्या कुळातला, पण डोक्याकडून खडकाला चिकटतो आणि जन्मभर तिथून हलत नाही. आणखी खाली कालवांचा थर, आणि अगदी खाली, ओहोटीलाही जेमतेम उघड्या पडणाऱ्या भागात, उल्वा आणि सरगॅसमसारखं शेवाळ.

हे पट्टे का पडतात, हे वर्गात शिकवायचं कसं, यासाठी हा लेख आहे. अकरावी-बारावीचे किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. त्यातही ज्यांनी संगणकावर कधी मॉडेल बनवलेलं नाही असे. बीड-यवतमाळच्या मुलांना समुद्र वर्षात एकदाही दिसत नाही, आणि कोकणातल्या मुलांना रोज दिसतो पण महिनाभर सलग कोणी तिथे उभं राहू शकत नाही. सिम्युलेशनची गरज दोघांनाही आहे. मात्र तयार चित्रफीत दाखवून काम भागत नाही. मुलांनी स्वतः आकडे भरले, अंदाज बांधला आणि तो चुकलेला पाहिला, तर विषय त्यांच्या हाती लागतो.

सामान थोडं लागतं. एक्सेल किंवा फुकट मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क, आणि नेटलोगो. नेटलोगो हे संगणकावर मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर उरी विलेन्स्की यांनी १९९९ साली तयार केलं. ते फुकट आहे आणि त्याची वेब आवृत्ती थेट ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे शाळेच्या संगणकावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसली तरी अडत नाही. एकच संगणक आणि प्रोजेक्टर असेल तरी चालेल. मग अंदाज वहीत लिहायचे आणि बटण एकाने दाबायचं.

पहिली पायरी: महिनाभराचं पाणी एका शीटवर

नवी शीट उघडा. पहिल्या कॉलममध्ये तास भरा: ०, ०.५, १, १.५ असे अर्ध्या-अर्ध्या तासाने ७२० पर्यंत. हे झाले तीस दिवस. दुसऱ्या कॉलममध्ये पाण्याची उंची, मीटरमध्ये. सूत्र असं:

उंची = २.५ + १.२ × कॉस(२ × पाय × तास ÷ १२.४२) + ०.५ × कॉस(२ × पाय × तास ÷ १२) + ०.४ × कॉस(२ × पाय × तास ÷ २३.९३) + ०.२ × कॉस(२ × पाय × तास ÷ २५.८२)

इथे पाय म्हणजे π, शीटमध्ये तो PI() असा लिहायचा, आणि कॉस म्हणजे COS. कॅल्क आणि एक्सेल दोन्ही कोन रेडियनमध्येच घेतात, म्हणून अंशांत बदलायची खटपट करू नका. १२.४२ तासांचा तुकडा चंद्राचा, १२ तासांचा सूर्याचा. उरलेले दोन साधारण दिवसभराच्या चक्राचे. त्यांच्यामुळे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या होत नाहीत. २.५ ही मधली पातळी. या किमती मुंबईच्या पाण्याशी ढोबळमानाने जुळतील अशा, मुद्दाम सोप्या आकड्यांवर आणून ठेवल्या आहेत. खऱ्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात याहून कितीतरी जास्त तुकडे असतात, त्यामुळे या शीटवर विसंबून कोणाला होडीत बसवू नका. शिकवायला मात्र ती पुरेशी आहे.

आता आलेख काढा. उधाण (मोठ्या चढउताराचे दिवस) आणि भांग (लहान चढउताराचे दिवस) डोळ्यांसमोर उभे राहतात: सुरुवातीला पाणी खूप चढतं-उतरतं, आठवड्याभरात ती चढउतार निम्म्याहून कमी होते, मग पुन्हा वाढते. मुलांना विचारा की हे फुगणं-आटणं आपण सूत्रात कुठे लिहिलं. कुठेच नाही. १२.४२ आणि १२ तासांची दोन चक्रं एकमेकांपासून हळूहळू सरकतात आणि सुमारे पावणेपंधरा दिवसांनी पुन्हा जुळतात, त्यातून ते आपोआप निघतं. सिम्युलेशन म्हणजे काय, याची पहिली ओळख इथेच होते.

दुसरी पायरी: कोळ्यांच्या हिशोबाशी पडताळा

मॉडेल बनवलं की ते कशाशी तरी ताडून पाहायची सवय पहिल्याच दिवशी लावा. कोकण किनाऱ्यावर त्यासाठी घरचंच माप आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास.

आपल्या शीटचा शून्य तास म्हणजे अमावास्येची मध्यरात्र धरा. सातव्या-आठव्या दिवशी शीटमध्ये भरती केव्हा येते ते पाहा. अष्टमीचा हिशोब छान जुळतो. पंचमीला मात्र पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो. तो लपवू नका, त्यावरच चर्चा करा. पाऊणपटीचा नियम रोज सारखीच वाढ धरतो. शीटमध्ये सूर्याचा तुकडा चंद्राच्या भरतीला कधी थोडा अलीकडे ओढतो, कधी पलीकडे. शंभर वेळा वापरून टिकलेला नियम आणि चार कॉसची बेरीज, दोन्ही मॉडेलंच आहेत. कोणतं कुठे कमी पडतं हे मुलांनी शोधावं.

तिसरी पायरी: कोण किती वेळ कोरडं राहतं

हा सगळ्या धड्याचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

किनाऱ्यावर चिकटून राहणाऱ्या जिवाला उंची कळत नाही, त्याला कोरडं पडणं कळतं. म्हणून ० ते ५ मीटर उंचीच्या दहा-दहा सेंटिमीटरच्या पायऱ्या कल्पा आणि प्रत्येक पायरीसाठी दोन आकडे काढा. पहिला आकडा सोपा: महिन्यातले किती टक्के अर्धे तास पाणी या पायरीच्या खाली होतं. काउंटिफ (COUNTIF) हे सूत्र वापरलं की एका ओळीत येतो. दुसरा आकडा काढायला एक मदतीचा कॉलम लागतो: पाणी पायरीच्या खाली असेल तर वरच्या ओळीतल्या आकड्यात ०.५ मिळवा, नसेल तर शून्य करा. त्या कॉलममधली सगळ्यात मोठी किंमत मॅक्सने काढा. ती झाली सलग कोरडं राहण्याची सर्वात लांब मुदत, तासांत.

आता २.८ मीटर आणि ३.४ मीटर या दोन पायऱ्या शेजारी ठेवा. अंतर फक्त साठ सेंटिमीटर, म्हणजे बाकाची उंचीसुद्धा नाही. टक्केवारी पाहिली तर पहिली पायरी महिन्याचा साधारण ६० टक्के वेळ कोरडी असते, दुसरी ८० टक्क्यांच्या आसपास. फरक आहे, पण हळूहळू वाढणारा. सलग मुदतीचं चित्र वेगळंच निघतं. २.८ वर ती बारा तासांच्या आतच राहते, कारण भांगाची सगळ्यात लहान भरतीसुद्धा तिथवर पोचते. ३.४ वर ती एकदम तीन दिवसांहून जास्त होते, कारण भांगाच्या काही भरत्या ओळीने त्या पायरीच्या खालूनच परत फिरतात. ४.२ वर गेलात तर आठ दिवसांहून जास्त.

मुलांना आधी टक्केवारीचा आलेख दाखवा आणि विचारा: या उताराच्या रेषेवरून पट्ट्याची सीमा कुठे असेल असं वाटतं? कोणालाच नीट सांगता येणार नाही, कारण रेषा गुळगुळीत आहे. मग सलग मुदतीचा आलेख उघडा. त्यातल्या उड्या पाहिल्यावर सीमा स्पष्ट का असतात हे त्यांचं तेच बोलू लागतात. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या शेवाळांबद्दल मॅक्सवेल डोटी यांनी १९४६ साली नेमकी हीच मांडणी केली होती: भरतीच्या काही ठरावीक पातळ्यांवर उघडं पडण्याची मुदत एकदम वाढते आणि जातींच्या सीमा त्या पातळ्यांजवळ येतात. पुढे सगळीकडे हे इतकं स्वच्छ जुळलं नाही, लाटांनी आणि सावलीने बरेच घोटाळे केले. तरीही सरासरी आणि टोकाची वेळ यांतला फरक शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. बार्नेकल सरासरीने मरत नाही, तो एखाद्या वाईट आठवड्यात मरतो.

जाता जाता आणखी एक कॉलम करून घ्या: पाणी पायरीच्या खाली आहे आणि घड्याळात सकाळी ११ ते दुपारी ३ च्या मधली वेळ आहे, असे किती अर्धे तास? तासाला २४ ने भागून बाकी काढली, म्हणजे मॉड वापरलं, की घड्याळाची वेळ मिळते. १ मीटरची पायरी भर दुपारी जवळजवळ कधीच उघडी पडत नाही, कारण आपल्याकडे उधाणाची खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळ असते. २ मीटरची पायरी अष्टमीच्या आगेमागे दुपारच्या उन्हात सापडते. एप्रिल-मेमधल्या काळ्या बेसॉल्टला हात लावून पाहिलेल्या माणसाला या फरकाचं महत्त्व सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: नेटलोगोत दोन भाऊबंद

फक्त कोरडेपणाने सगळं उलगडत नाही. स्कॉटलंडमध्ये मिलपोर्टजवळ, कंब्रे बेटावर जोसेफ कॉनेल यांनी बार्नेकलच्या दोन जातींवर प्रयोग केले आणि ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. लहान क्थॅमॅलस वरच्या पट्ट्यात, मोठा बॅलॅनस खालच्या. लहानाची पिल्लं खालीही येऊन चिकटत होती, पण मोठी झालेली तिथे जवळपास दिसत नव्हती. कॉनेल यांनी काही जागी शेजारचे बॅलॅनस काढून टाकले, तर लहान क्थॅमॅलस खालीही व्यवस्थित जगले. म्हणजे खाली त्यांना पाणी नडत नव्हतं, शेजारी नडत होता. बॅलॅनस त्यांच्यावर चढून, बुडाखाली शिरून, बाजूने दाबून त्यांना खडकावरून उखडत होता. वरच्या भागात मात्र बॅलॅनसच सुकून मरत होता.

हे पडद्यावर उभं करू. नेटलोगोतली जमीन चौकोनी तुकड्यांची असते, त्यांना पॅच म्हणतात. रुंदी ३१ पॅच आणि उंची ५१ पॅच ठेवा. म्हणजे एक पॅच दहा सेंटिमीटरचा आणि तळापासून माथ्यापर्यंत ० ते ५ मीटर. तिसऱ्या पायरीतला सलग मुदतीचा तक्ता प्रत्येक ओळीला द्या. एक टिक म्हणजे उधाण-भांगाचं एक चक्र, सुमारे पंधरवडा. प्रत्येक टिकला हे नियम याच क्रमाने चालवा:

१. रिकाम्या पॅचवर १० टक्के शक्यतेने लहान, १० टक्के शक्यतेने मोठा येऊन बसतो. उंची कोणतीही असो.

२. जिथे सलग मुदत २४ तासांहून जास्त, तिथे मोठा ८० टक्के शक्यतेने मरतो. बाकी ठिकाणी २ टक्के.

३. लहान २४० तासांपर्यंत तग धरतो, तोवर मरण्याची शक्यता २ टक्के. त्यापुढे ८० टक्के.

४. लहानाच्या आठ शेजारी पॅचपैकी तीन किंवा जास्त मोठ्यांनी व्यापले असतील, तर तो २५ टक्के शक्यतेने मरतो आणि जागा रिकामी होते.

या टक्केवाऱ्या शिकवण्यासाठी निवडल्या आहेत, कुठल्या खडकावर मोजून काढलेल्या नाहीत. हे मुलांना पहिल्याच मिनिटाला सांगा. कोड लिहायची भीती वाटत असेल तर नेटलोगोच्या संग्रहात लांडगे आणि मेंढ्यांचं तयार मॉडेल आहे. ते उघडून एकेक ओळ बदलत जा. सेटअप आणि गो ही दोन बटणं आणि ‘मोठ्यांची आवक’ नावाचा एक स्लायडर, एवढं पहिल्या वर्गाला पुरतं.

गो दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत पट्टे काढायचे, तारीख घालून. हा नियम मोडू देऊ नका. मॉडेल चालल्यावर ‘मला हेच वाटलं होतं’ असं सगळेच म्हणतात.

चाळीसेक टिकनंतर लहान वर, मोठे खाली अशी विभागणी दिसते. मग मोठ्यांची आवक शून्यावर आणा आणि पुन्हा पहिल्यापासून चालवा. लहान तळापर्यंत पसरतात. कॉनेल यांचा प्रयोग वर्गाने पाच मिनिटांत करून पाहिलेला असतो.

इथे थांबून एक प्रश्न विचाराच: यातलं काय आपण घातलं आणि काय निघालं? मोठ्याची वरची सीमा आपण नियम २ मध्ये स्वतःच लिहिली होती, ती दिसली यात शोध काहीच नाही. लहानाची खालची सीमा मात्र कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. तिथे उंचीचा उल्लेखसुद्धा नाही. ती दोघांच्या झटापटीतून तयार झाली. घातलेलं आणि निघालेलं यांची वेगवेगळी यादी करायला शिकलेला विद्यार्थी पुढे हवामानाचं मॉडेल पाहील तेव्हाही हाच प्रश्न विचारेल, आणि त्याने तो विचारायलाच हवा.

एकाच मांडणीने मॉडेल दहा वेळा चालवा. सीमा दर वेळी थोडी वेगळी येते. एका वेळच्या चित्रावर निष्कर्ष काढू नये हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

वेळ उरला तर भक्षक जोडा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मकाह उपसागरात रॉबर्ट पेन खडकाच्या एका तुकड्यावरून पिसास्टर हे तारामासे काढत राहिले, तेव्हा तिथल्या १५ जातींच्या ८ झाल्या, कारण शिंपल्यांनी जागा बळकावली. हे १९६६ साली प्रसिद्ध झालं. मॉडेलमध्ये मोठ्यांना खाणारा एक फिरता प्राणी सोडला की तशी कल्पना येते. पण हे तारामासे आणि हे बार्नेकल थंड पाण्यातले आहेत. कोकणातही असंच घडतं असं मुलांच्या वहीत जाऊ देऊ नका. आपल्या किनाऱ्यावर उन्हाचा आणि पावसाळी लाटांचा हिशोब मोठा असतो, आणि तो इथेच मोजायला हवा.

पाचवी पायरी: मॉडेल घेऊन खडकावर

किनारा जवळ असेल तर छापलेला अंदाज हातात घेऊन जा. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे अंदाज पाहून दिवस ठरवा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचा एक-दोन दिवस उत्तम, कारण उधाण थोडं उशिराच टोकाला जातं. ओहोटीच्या दीड तास आधी पोचा, पाण्याच्या मागोमाग खाली उतरा आणि पाणी फिरलं की वर या. जून ते सप्टेंबर खडकावर मुलांना नेऊ नका.

उंची मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप घ्या. पाईपमध्ये पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक खालच्या मुलाच्या खुणा केलेल्या काठीला, दुसरं वरच्या मुलाच्या काठीला लावा. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत थांबतं, आणि दोन काठ्यांवरच्या आकड्यांतला फरक म्हणजे उंचीतला फरक. ओहोटीच्या अगदी खालच्या क्षणी पाण्याची रेघ जिथे असेल तिथून सुरुवात करा आणि कोष्टकातली त्या वेळची उंची त्या रेघेला द्या. मग दर दहा-वीस सेंटिमीटर चढावर २५ सेंटिमीटरची चौकट ठेवून आत कोण किती आहे ते लिहा. जात ओळखता आली नाही तर ‘पांढरा बार्नेकल, टोकदार’ एवढं पुरे. फोटो काढा, नाव नंतर शोधता येतं. जिवंत काहीही उखडू नका. प्रवाळ आणि काही शंख-शिंपल्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा, त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात टिकत नाहीत.

त्याच वेळी कालवं फोडायला आलेल्या मावश्या भेटल्या तर दोन शब्द बोला. कालवं कोणत्या तिथीला किती खालपर्यंत मिळतात, कोणत्या खडकावर आता कमी झाली, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या कामातून माहीत असतं. मुलांनी ते नोंदवहीत त्यांच्याच शब्दांत लिहावं.

परत आल्यावर मोजलेले पट्टे आणि मॉडेलमधले पट्टे एकाच आलेखावर काढा. बहुधा खडकावरचे वर सरकलेले निघतील. लाटा आणि तुषार कोष्टकातल्या उंचीच्या वरपर्यंत खडक ओला ठेवतात, आपल्या शीटमध्ये समुद्र सपाट आहे. पाण्याच्या कॉलममध्ये सरसकट ०.५ मीटर मिळवून पाहा, मग ०.८, आणि कोणत्या किमतीला सगळ्यात जवळ येतं ते ठरवा. तीच मोजणी आडोशाच्या खाडीत केली तर ही किंमत कमी निघायला हवी. निघते का ते तपासा. चिरेत सापडलेला एकटा बार्नेकल, सावलीच्या बाजूला उंच चढलेलं शेवाळ, अशा न बसणाऱ्या नोंदी खोडू देऊ नका. प्रत्येक गटाने त्यातली एक निवडावी, तिच्यासाठी मॉडेलमध्ये एकच नियम बदलावा, आणि जुनी फाईल तशीच ठेवून नवी वेगळ्या नावाने साठवावी.

मोजणीची रेघ दोन ठळक खडकांच्या खुणेने लिहून ठेवा, फोटोसह. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या एखाद्या उधाणाला, त्याच रेघेवर पुढच्या तुकडीला न्या.